बाथरूमचा स्विच पुन्हा पुन्हा झिणझिण्या देतोय आणि एक्झॉस्ट फॅन नुसता गुणगुणतोय? कुठून बघायला सुरुवात करायची

आधी लक्षणं सांगतो. लोक ह्या सगळ्या वेगवेगळ्या तक्रारी म्हणून घेऊन येतात आणि शोधत गेलं की बहुतेक वेळा मूळ एकच निघतं.

आंघोळ झाल्यावर स्विच दाबताना बोटाला बारीक झिणझिण्या येतात, पण दुपारी कोरड्या हाताने दाबला तर काहीच होत नाही.

स्विच दाबताना आतून चर्र किंवा तडतड आवाज येतो, कधी कडेच्या फटीतून निळसर ठिणगी दिसते.

प्लेटच्या कडेला पिवळट-तपकिरी डाग पडलाय, स्क्रूच्या डोक्याला गंज आहे.

फॅन चालू केला की नुसता घूंऽऽ आवाज, पाती हलत नाहीत, किंवा मिनिटभराने कशीबशी फिरायला लागतात. नाहीतर फॅन मस्त फिरतोय, आवाजही छान येतोय, पण आरसा अर्धा तास झाला तरी धूसरच.

फॅनच्या जाळीतून पाण्याचे थेंब पडतात.

आरसीसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला, करंट कुठे गळला की लाईन तोडणारा स्विच) अधूनमधून पडतो, जास्त करून सकाळी, आणि परत वर केला की दिवसभर गुपचूप राहतो.

बंद केलेला एलईडी दिवा अंधारात मंद पेटलेला दिसतो. ह्याचं एकट्याचं फार टेन्शन घेऊ नका, स्विचमधल्या इंडिकेटरमुळे किंवा वायरी लांबवर शेजारी शेजारी गेल्या असतील तरी असं होतं, पण वरच्या दुसऱ्या कुठल्या लक्षणाबरोबर हे दिसलं तर लक्षात ठेवा.

आणि शेवटचं म्हणजे वास. जळक्या प्लास्टिकचा किंवा चक्क मासळीसारखा. स्विचचं काही प्लास्टिक तापलं की असाच वास येतो आणि लोक बिचारे ड्रेनेज साफ करत बसतात.

हे असेल तर पुढचं वाचू नका

नळाला, शॉवरला, ओल्या भिंतीला किंवा वाहत्या पाण्याला हात लावल्यावर झटका बसत असेल तर पुढच्या एकाही तपासणीत पडू नका. कोरड्या जागी, कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून घरचा मेन स्विच बंद करा, सगळ्यांना बाथरूमबाहेर ठेवा आणि परवानाधारक वायरमन बोलवा. इथे दोष स्विचमध्ये नसून गीझरच्या कॉइलमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा भिंतीतल्या वायरीत असू शकतो, आणि तो शोधायला घरी कुणाकडे साधनं नसतात. प्लेट गरम लागतेय, धूर आला, प्लास्टिक वितळलंय, तरी हेच.

आता बाकीच्यांसाठी.

मी तोच स्विच तीनदा बदलला होता

इमारतींच्या मेन्टेनन्सचं काम करता करता ही तक्रार मी इतक्यांदा सोडवलीय की आता फोनवर लक्षणं ऐकतानाच अंदाज येतो, पण सुरुवातीला मीही मूर्खपणा केलाय. एका घरात बाथरूमचा स्विच चरचरायचा म्हणून बदलला, चार महिन्यांनी परत तेच, परत बदलला, परत तेच. तिसऱ्या वेळी चांगला महागातला स्विच लावला आणि तोही गेला. आत दर वेळी एकच चित्र, टर्मिनलवर (वायर जिथे स्क्रूने आवळतात तिथे) हिरवट-पांढरी भुकटी आणि बॉक्सच्या तळाशी ओल. चौथ्या वेळी स्विच उघडायच्या आधी मी नुसता दारात उभा राहिलो आणि विचारलं की हे सुरू झालं त्या सुमारास घरात काय बदललं होतं? दार बदललं होतं. जुन्या दाराखाली चांगली फट होती, नवं दार फरशीला घासून बसत होतं, त्यामुळे फॅनला बाहेर फेकायला आत हवाच येत नव्हती. फॅन फिरत होता, ओढत काहीच नव्हता, वाफ सगळी आतच राहून समोरच्या गार भिंतीवर बसायची, आणि स्विच त्याच भिंतीवर. दार खालून साधारण १ सेंटीमीटर कापलं, चौथा स्विच बसवला, तो अजून चालू आहे.

म्हणून सांगतो, स्विचची तक्रार आणि फॅनची तक्रार ह्या दोन तक्रारी नाहीत. पाणी कुठून येतंय ते शोधल्याशिवाय स्विच बदलणं म्हणजे पुढच्या स्विचचे पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवणं.

किती पाणी असेल असं, म्हणाल. गणित करून बघा. ३० अंशांची पूर्ण दमट हवा एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम पाणी धरते, तीच हवा २० अंशांपर्यंत गार झाली की तिला जेमतेम १७ ग्रॅम धरता येतं, उरलेलं १३ ग्रॅम कुठेतरी बसणारच. बाथरूम ८ घनमीटरचं धरलं तर १०० ग्रॅमच्या वर पाणी, म्हणजे अर्धी वाटी, रोज भिंतीवर, आरशावर, प्लेटवर आणि प्लेटच्या मागच्या गार बॉक्समध्ये. हे नुसतं पाणीसुद्धा नाही. बॉक्समधल्या धुळीत आणि क्षारांत ते मिसळलं की त्याची करंटला जायला छान पायवाट तयार होते.

तपासणी १: आरसीसीबीचं टेस्ट बटण (फुकट, अर्धा मिनिट)

मीटरजवळच्या बोर्डात एक असा स्विच शोधा ज्यावर छोटं बटण आहे आणि टी किंवा टेस्ट लिहिलंय. त्यावर ३० एमए किंवा ०.०३ ए, म्हणजे ३० मिलिअँपियर, असा आकडा दिसायला हवा. ते बटण दाबलं की स्विच खटकन खाली पडला पाहिजे. (आधी कॉम्प्युटर वगैरे बंद करून घ्या, नाहीतर घरचे माझ्या नावाने ओरडतील.)

ही तपासणी पहिली का, तर पुढचं सगळं ह्याच्या भरवशावर आहे. बऱ्याच जणांना वाटतं एमसीबी (लाईनवर फार जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आहे ना मग शॉक लागला तर तो पडेलच. नाही पडणार. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो. ६ अँपियरच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारे ५० मिलिअँपियर कळतसुद्धा नाहीत, ते त्याच्या आकड्याच्या एकशेविसाव्या भागाइतके असतात, आणि माणसाचं हृदय बिघडवायला तेवढे पुरू शकतात. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो, २३० व्होल्टला भागून बघा, २३० मिलिअँपियर येतात. १० मिलिअँपियरच्या आसपासच हाताचे स्नायू आवळून धरलेली वस्तू सोडता येईनाशी होते. आरसीसीबी काय करतो, तर फेजने (वीज आणणाऱ्या वायरीने) गेलेला करंट न्यूट्रलने (परत नेणाऱ्या वायरीने) तेवढाच परत आला का ह्याचा सतत हिशोब ठेवतो, आणि ३० मिलिअँपियरपर्यंत फरक पडला की सेकंदाच्या लहानशा भागात लाईन तोडतो.

बटण दाबून पडला नाही, तर बाथरूमच्या लाईनचा एमसीबी बंद ठेवा आणि आरसीसीबी आधी बदलून घ्या. मुळात आरसीसीबी नसेलच तर ह्या लेखातली तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच, तो बसवून घ्या. आणि बटण दाबल्यावर पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं समजू नका हं. ते बटण फक्त आतली यंत्रणा चालतेय एवढंच दाखवतं, अर्थिंगची वायर कुठे तुटली असेल तर त्याला पत्ताही नसतो. दुसरं म्हणजे, एक बोट फेजला आणि दुसरं न्यूट्रलला लागलं तर आरसीसीबीचा हिशोब जुळतो आणि तो पडत नाही, तेव्हा आरसीसीबी आहे म्हणून चालू बोर्डात हात घालायचा नाही.

तपासणी २: आठवडाभर कागदावर नोंद (फुकट, पण कुणी करत नाही)

मी हे सांगतो तेव्हा लोक माझ्याकडे असं बघतात जणू मी काम टाळतोय. पण ह्या एका कागदाने माझी निम्मी तोडफोड वाचलीय. कधी झालं, किती वाजता, कोण आंघोळ करून गेलं होतं, बाहेर पाऊस होता का, घरात दुसरं काय चालू होतं, एवढंच लिहायचं. आणि नोंद करायची म्हणून ओल्या हाताने स्विच दाबून बघायचा नाही, जे आपोआप घडेल तेवढंच लिहा.

आंघोळीनंतरच होतं आणि तासाभराने थांबतं, तर वाफ. म्हणजे फॅन आणि हवेची वाट बघा, तपासणी ४.

पाऊस पडला की होतं, कधी पावसानंतर दोन दिवस चालतं, तर बाहेरचं पाणी. हे भिंतीच्या भेगेतून येतं असं सगळे धरून चालतात, पण मी जास्त वेळा पाहिलंय ते असं की गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर वायरीच्या पाईपाचं तोंड उघडं राहिलेलं असतं आणि पाणी त्या पाईपातूनच थेट स्विचच्या बॉक्समध्ये उतरतं, कारण पाईपातली सगळ्यात खालची जागा म्हणजे बॉक्स.

वेळकाळ काही नाही, कधीही होतं, तर लूज कनेक्शन किंवा वायरिंगचा दोष, ते वायरमनचं काम.

वरच्या मजल्यावर कुणी पाणी सोडलं की होतं असं निघालं तर वरच्यांचा पाईप गळतोय. इलेक्ट्रिशियनच्या आधी प्लंबर बोलवा.

तपासणी ३: डोळे, नाक, कान (टॉर्च पुरे)

स्विच बंद, हात कोरडे, काहीही उघडायचं नाही. टॉर्च भिंतीला लावून आडवा प्रकाश पाडा म्हणजे प्लेटवरचे बारीक थेंब आणि डाग उठून दिसतात. डाग तपकिरी असेल तर ती उष्णता आहे, आत टर्मिनल ढिलं आहे. ढिल्या स्क्रूखाली वायर नीट टेकत नाही, तिथेच रेझिस्टन्स वाढतो, तिथेच तापतं, तापलं की धातू फुगतो, गार झालं की आकसतो आणि स्क्रू अजून ढिला होतो. दिवसेंदिवस वाढत जाणारी गोष्ट आहे, आपोआप बरी होत नाही. डाग हिरवट किंवा पांढरा असेल तर ते पाणी.

प्लेटच्या स्क्रूंकडे नीट बघा. प्लेट प्लास्टिकची असते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण हे स्क्रू सरळ आतल्या पत्र्याच्या बॉक्समध्ये गेलेले असतात. बॉक्सला अर्थिंग जोडलेलं असेल तर फेजची गळती तिकडे जाते आणि आरसीसीबी पडतो, म्हणजे यंत्रणा काम करतेय. बॉक्सला अर्थिंग नसेल तर बॉक्स आणि स्क्रू गुपचूप फेजवर येऊन बसतात आणि तुमच्या ओल्या अंगठ्याची वाट बघतात. झिणझिण्या येतात त्या कित्येकदा बटणातून नसतातच, ह्या स्क्रूमधून असतात. तेव्हा प्लेटच्या स्क्रूंवरची झाकणं हरवली असतील तर ती बसवून घ्या, पण झाकण लावलं म्हणजे दोष गेला असं नाही.

एक विनंती. स्विचवर प्लास्टिकची पिशवी चिकटवू नका, टेप गुंडाळू नका. मी पाहिलेल्या सगळ्यात कुजक्या बॉक्सवर कुणीतरी मोठ्या काळजीने प्लास्टिक लावलेलं होतं, आतली वाफ बाहेर जायची वाटच बंद केली होती.

तपासणी ४: फॅन खरंच ओढतोय का (एक टिश्यू)

टिश्यूचा एक पापुद्रा घ्या, फॅन चालू करा, दार बंद करा, आणि पापुद्रा जाळीला लावून सोडा. चिकटून राहिला तर ठीक. पडला तर आता दार थोडं उघडा आणि परत लावा. आता चिकटला? मग फॅन बरा आहे, हवा आत यायला वाट नाही. दाराखाली फट ठेवा किंवा दारात जाळी बसवा, संपलं. दार उघडूनही पडला तर जाळी, पाती, पाईप किंवा बाहेरची झडप ह्यातलं काहीतरी तुंबलंय.

साफ करताना नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून फॅनमध्ये हात घालू नका, त्या लाईनचा एमसीबी खाली पाडा. दोन कारणं. एक, कुणीतरी वायरिंग करताना स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलेला असेल (जितक्या ठिकाणी मी हे पाहिलंय ते सांगायची लाज वाटते) तर बटण बंद केल्यावर फॅन थांबतो खरा पण फेज त्याच्या पोटात तसाच जिवंत असतो. दोन, बटण बंद केल्यावरही काही मिनिटं फिरत राहणारे टायमरवाले फॅन असतात, त्यांना टायमर चालायला एक कायमची फेज दिलेलीच असते, बटणाचा त्या वायरशी संबंध नाही.

एमसीबी पाडल्यावर जाळी काढा, धुवा, पूर्ण वाळवा, पाती कोरड्या ब्रशने साफ करा. मोटरवर पाणी किंवा साबणाचा फवारा मारायचा नाही. मग बोटाने पाती फिरवा. सैल फिरून हळूहळू थांबली तर बुश (ज्यात मोटरचा दांडा फिरतो ती कडी) ठीक. चिकट लागली, लगेच थांबली, तर बुश सुकलाय किंवा तिथे धूळ आणि ओलीचा लगदा बसलाय.

आता ह्या घूं घूं आवाजाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे लोक सगळ्यात जास्त निष्काळजी असतात. फॅन फिरत नाही पण आवाज येतो म्हणजे मोटरला करंट मिळतोय आणि ती अडकलीय. कपॅसिटरवाला फॅन असेल (कपॅसिटर म्हणजे मोटरला फिरायला लावणारा भाग, बरेच जण त्याला कंडेन्सर म्हणतात), तर तो कपॅसिटर कमजोर झाला असेल, नाहीतर बुश जाम. लहान फॅनच्या बऱ्याच मोटरींमध्ये कपॅसिटर नसतोच, तिथे बुशच. तुम्ही म्हणाल जाम झाली तर एमसीबी पडेल. हा फॅन ३० वॅटचा धरा, नीट चालताना अँपियरचा छोटासा भाग घेतो, अडकल्यावर दुप्पट-तिप्पट घेतला तरी ६ अँपियरच्या एमसीबीला त्याचं काहीच वाटत नाही. मोटर मात्र आत भाजत राहते, तिला गार करणारी हवाच थांबलेली असते, आणि भोवती वर्षांची कापसासारखी धूळ असते. आग अशीच लागते. म्हणून नुसता गुणगुणणारा फॅन ‘होईल चालू’ म्हणून सोडून जाऊ नका, त्याच क्षणी बंद.

चांगल्या मोटरच्या वाइंडिंगमध्ये (आतल्या तारेच्या गुंडाळीत) एक थर्मल फ्यूज असतो, मोटर फार तापली की तो एकदाच उडतो आणि फॅन कायमचा बंद पडतो. तो उडाला म्हणजे त्याने त्याचं काम केलं. एका ठिकाणी ‘दुरुस्त’ करून आणलेल्या फॅनमध्ये तो फ्यूज काढून सरळ वायर जोडलेली मला दिसली, पुढची जाळी उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखी वाकली होती. फॅन जळून बंद पडला असेल तर नवीन घ्या, फ्यूज बायपास करून द्यायला कुणी तयार असेल तर त्याला नमस्कार करून घरी पाठवा.

आणि बटण चालू असूनही न फिरणाऱ्या फॅनला काडीने ढकलून फिरवणं? करू नका. ढकलल्यावर फिरतो म्हणजे बरा झाला असं नाही, उद्या ढकलायला कुणी नसेल तेव्हा तो जाम होणारच आहे.

जाळीतून थेंब पडत असतील तर छतातल्या पाईपाचा उतार बघून घ्या. उतार बाहेरच्या बाजूला हवा. आतल्या बाजूला असेल तर पाईपात गार झालेली वाफ पाणी होऊन मोटरवरच परत येते, आणि मग मोटर बदलत बसा.

तपासणी ५: आरसीसीबी कशामुळे पडतोय

घरातले सगळे एमसीबी खाली पाडा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यावर पडला ती बहुतेक वेळा दोषी लाईन. बाथरूमची लाईन निघाली तर गीझर, फॅन, दिवे सगळे बटणाने बंद ठेवून परत करून बघा.

इथे एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. ‘फॅनचं बटण बंद आहे तरी आरसीसीबी पडतोय, म्हणजे फॅन निर्दोष’ असा निष्कर्ष काढतात, मीही काढायचो. साधा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. फॅनच्या आत न्यूट्रलची बाजू ओलीमुळे अर्थिंगला टेकली असेल तर बटण बंद असतानाही ती वाट उघडीच असते, आणि घरात दुसरीकडे मोठं लोड चालू झालं की न्यूट्रलने परत जाणाऱ्या करंटचा थोडा भाग त्या वाटेने निसटतो. हिशोब जुळत नाही, आरसीसीबी पडतो. लोक म्हणतात वॉशिंग मशीन लावलं की पडतो, मशीनवाल्याला बोलवा, आणि मशीनवाला तीनदा येऊन जातो. फॅनच्या दोन्ही वायरी सोडवल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. फॅन प्लगवर असेल तर प्लग काढून बघा, सोपं आहे. भिंतीतून थेट वायर असेल तर वायरमनकडून सोडवून घ्या.

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकणं किंवा बाथरूमची लाईन त्याच्या आधीच्या बाजूला जोडून घेणं, असलं काही कुणी सुचवलं तर ऐकू नका. तो जे ओरडून सांगतोय ते खरं आहे.

तपासणी ६: प्लेट उघडणं

आयुष्यात कधी स्विचबोर्ड उघडला नसेल तर इथेच थांबा. कुठल्या वायरीचं काय काम आहे ते बघून कळत नसेल तरी थांबा. ही तपासणी ज्यांना हाताची सवय आहे आणि नियमाने परवानगी आहे त्यांच्यासाठी.

मेन बंद. घरात कुणी परत वर करणार नाही ह्याची सोय, निदान बोर्डाच्या दाराला कागद चिकटवा आणि सगळ्यांना सांगा. मग लाईन गेली का ते तपासायचं, आणि इथे निऑनवाल्या टेस्टरवर जीव टाकू नका. तुम्ही प्लास्टिकच्या स्टुलावर रबरी चप्पल घालून उभे असाल तर जिवंत फेजवरही तो नीट पेटत नाही, आणि कधी नुसत्या शेजारच्या वायरीमुळे मेलेल्या तारेवर मंद पेटतो. मीटर किंवा दोन टोकांचा टेस्टर वापरा, आधी चालू असलेल्या दुसऱ्या लाईनवर तो चालतोय हे बघा (मेन बंद आहे म्हणजे ते मेन बंद करण्याआधी), मग इथे तपासा, आणि वायरीला हात लावण्याआधी टेस्टर परत एखाद्या चालू लाईनवर (घरचा मेन बंद आहे म्हणजे जिन्यातल्या किंवा शेजारच्या) बघा. मधेच टेस्टरची बॅटरी गेली म्हणून ‘लाईन नाही’ दिसलं, असं व्हायला नको.

आत काय बघायचं: पाण्याचा मार्ग. भुकटी पाईपाच्या तोंडाशी जास्त आहे का, तर पाणी पाईपातून येतंय. प्लेटच्या कडेने आहे तर बाथरूमच्या वाफेतून. बॉक्सच्या मागच्या बाजूला आहे तर भिंतीतून. काळी पडलेली, ठिसूळ झालेली वायर दिसली तर तेवढा तुकडा तिथे नकोच. हिरवट पडलेली तांब्याची तार नुसती घासून परत लावू नका, चांगलं तांबं दिसेपर्यंत कापा, लांबी पुरत नसेल तर वायरमनला दाखवा. अर्थिंगची वायर बॉक्सला खरंच जोडलेली आहे का तेही इथेच दिसतं. बऱ्याचदा ती नुसती गुंडाळून मागे कोंबलेली असते.

स्विचची जागाच चुकलेली असेल तर

हे ऐकायला कुणाला आवडत नाही. शॉवरच्या पाण्याचे शिंतोडे स्विचवर उडत असतील तर वरच्या सगळ्या गोष्टी करूनही दुखणं परत येणार. आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६०३६४ च्या ७-७०१ भागात, टब किंवा शॉवरच्या वरची २.२५ मीटरपर्यंतची जागा म्हणजे झोन १ आणि त्याच्या कडेपासून आडवं ६० सेंटीमीटर म्हणजे झोन २ असे पट्टे आखलेत, आणि ह्या पट्ट्यांत नेहमीचा भिंतीवरचा स्विच बसत नाही. तिथे बसवायचा फॅन निदान आयपीएक्स४ चा हवा, म्हणजे कुठूनही पाणी उडालं तरी चालेल असा. शॉवरच्या अगदी वर फॅन हवाच असेल तर १२ व्होल्टवर चालणारा घ्या आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर बाथरूमबाहेर ठेवा. तुमच्याकडचे नियम ह्याहून कडक असतील तर ते पाळा. माझं मत विचाराल तर फॅनचा आणि गीझरचा स्विच दाराबाहेरच हवा, आणि फॅनसाठी दोन्ही वायरी तोडणारा डबल पोल स्विच, म्हणजे ते न्यूट्रलवालं भूत एका झटक्यात कळतं. टायमरवाला फॅन असेल तर त्याची कायमची फेजही ह्याच स्विचने तुटली पाहिजे.

वायरमनला कधी बोलवायचं आणि काय करून घ्यायचं

टेस्ट बटणावर आरसीसीबी पडत नाही. स्विच बदलल्यावर वर्षाच्या आत तेच दुखणं परत. तपकिरी डाग किंवा तो मासळीसारखा वास. बॉक्समध्ये अर्थिंगची वायर दिसत नाही. पाईपातून पाणी येतंय. फॅनच्या दोन्ही वायरी सोडल्यावरही आरसीसीबी पडतोच आहे. ह्यातलं एकही असेल तर बाथरूमच्या लाईनचा एमसीबी खाली ठेवून त्याला बोलवा, दोन दिवस बॅटरीच्या दिव्यावर आंघोळ करा, काही बिघडत नाही.

तो आला की ‘स्विच बदलून द्या’ म्हणू नका. आठवड्याच्या नोंदीचा कागद त्याच्या हातात द्या आणि दोन गोष्टी मागा. एक, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) बाथरूमच्या लाईनची इन्सुलेशन तपासणी, फॅन जोडून आणि फॅन सोडून अशी दोनदा. इन्सुलेशन किमान १ मेगाओहम तरी हवं, कोरड्या धडधाकट वायरिंगमध्ये त्याच्या कितीतरी पट येतं, आणि फॅन सोडल्यावर आकडा एकदम वर उडाला तर चोर सापडला. टायमर किंवा इलेक्ट्रॉनिक्स असलेला फॅन असेल तर मेगर लावण्याआधी त्याला तसं सांगा, नाहीतर टायमर उडेल. दोन, अर्थिंग स्विचच्या बॉक्सपर्यंत आणि फॅनपर्यंत सलग पोचतंय का ते मीटरने. प्लास्टिक बॉडीचा डबल इन्सुलेशनवाला फॅन असेल, म्हणजे लेबलवर चौकोनात चौकोन अशी खूण, तर फॅनला अर्थिंग लागत नाही, पण वायर बॉक्सपर्यंत आलेली असावी, उद्या कुणी धातूचा फॅन बसवला तर?

जे आकडे येतील ते तारीख घालून मेन बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा, आणि पुढच्या वेळी जो कुणी तो बोर्ड उघडेल त्याला हे आधी वाचायला सांगा.